तिसरा सांगावा

चौलात दयारामाच्या भट्टीचं नाव होतं, आणि त्याहून मोठं नाव दयारामाच्या कानाचं. वाडीतल्या माडांची माडी तो सकाळी ताजी विकायचा, उन्हाळ्यात जांभळाचा रस लाकडी पिंपांत आंबवून वाइन करायचा आणि मागच्या पडवीत तांब्याच्या हंड्यावर दारू गाळायचा. कोर्लईचे ख्रिस्ती लोक नाताळाला जांभळाची न्यायचे, बाकी गाव हंड्यातली प्यायचं. हंडा आजोबांच्या वेळचा, आणि रीतही त्यांच्याच वेळची: धार सुटायच्या आधी मालकानं झाकणाला कान लावून आतली उकळी ऐकायची. आवाजावरून जाळ वाढवायचा की ओढायचा ते ठरायचं. दयाराम तर नुसतं ऐकून सांगायचा, आज कडक उतरणार की पाणचट, आणि लोक माना डोलवायचे.

ह्याच दयारामाच्या बायकोच्या, केसरच्या, डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. मीठ जास्त पडलं म्हणून त्यानं माड तासायच्या कोयत्याची बोथट बाजू हाणली होती. मागच्या आषाढात पोटात लाथ घातली तेव्हा तिला पाचवा महिना होता. मुलगा होता. सुईण सखुबाईनं तो फडक्यात गुंडाळून नेला, तेव्हा दयाराम ओटीवर गिऱ्हाइकांशी गप्पा छाटत बसला होता. जीभ अशी गोड की गावाला वाटायचं, केसरच धांदरट, सारखी कुठे ना कुठे पडते. गावाला असं वाटून घेणं सोयीचं होतं, दुसरं काय.

केसरला माहेरचं म्हणून एकच माणूस उरलं होतं, थोरला भाऊ सदा. तो मुंबईच्या गोदीत कामाला होता. तिनं त्याला वर्षभरात तीन सांगावे धाडले. पहिला गलबतावरच्या विठोबा तांडेलाबरोबर, दुसरा बांगड्या भरणाऱ्या कासाराबरोबर, तिसरा पुन्हा विठोबाबरोबर. तिसऱ्यात तिनं सगळी लाज सोडली होती: दादा, मला ने, न्हायतर हा मला मारून टाकील. सदा आला नाही. दिवाळीला त्यानं हिरवं लुगडं मात्र पाठवलं. लुगडं पाठवायला त्याला सवड होती, ह्याचा तिला जितका राग आला तितका नवऱ्याचाही कधी आला नव्हता.

सन एकतीसच्या वैशाखात तिला पुन्हा दिवस गेलेले होते. एके दिवशी दयारामानं पुन्हा पाय उचलला. ती वळली म्हणून लाथ मांडीवर बसली. त्या रात्री तिनं ठरवलं.

आंबलेल्या माडीनं हंडा भरून झाकण बसवणं, सांध्यावर ओली चिंधी गुंडाळून चिकणमातीनं लिंपणं हे तिचंच काम. दुसऱ्या दिवशी सकाळी दयाराम माडी घेऊन रेवदंड्याच्या बंदरावर गेला, तेव्हा तिनं हिरव्या लुगड्याचा पदर फाडला, त्याचा बोळा केला आणि हंड्यातून घागरीकडे जाणाऱ्या बांबूच्या नळीत काठीनं खोल ठासला. मग दुप्पट जाड लिंपण घातलं आणि जाळ केला. वाफेला वाटच नाही म्हटल्यावर पुढे काय होतं, हे भट्टीवर सात वर्षं राबलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. दयाराम येईल, नेहमीसारखा वाकेल, कान लावेल.

दयाराम आला तो एकटा नव्हता. बोटीतून उतरलेला सदा त्याच्याबरोबर होता, कोट घातलेला, हातात पेढ्यांचा पुडा.

आज. ह्याला आजच सुचलं. केसर पुढे झाली तर सदा हसला, बरी आहेस ना म्हणाला, आणि तिच्या बोटांवर नजर जाताच त्यानं ती पटकन माडांकडे वळवली. दयारामानं मेव्हण्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला सगळी वाडी दाखवायला घेतली. कुठल्या माडाची माडी गोड, कुठल्या पिंपात गेल्या सालची जांभळं, कुठलं पिंप साहेबाच्या बंगल्यावर जातं. सदा पेल्यावर पेला चाखत होता आणि वा वा करत होता. घरी नेण्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. तो तिला न्यायला आलाच नव्हता की काय, कोण जाणे.

तिनं जाळातलं लाकूड ओढायला हात घातला, तशी पिंपांकडून दयारामाची हाक आली, जाळाला हात लावायचा नाही. पाहुण्यांसमोर त्याचा आवाज लोण्यासारखा मऊ असायचा. तो मऊ आवाज तिला ठाऊक होता. तिनं हात मागे घेतला. भावाला खूण केली, पण तो पेल्यात बघत होता.

हंडा आता गुरगुरू लागला होता. दोघे हंड्याशी आले. नळीखालची घागर कोरडी होती, आणि ती ह्या वेळेला कोरडीच असायची. कान भाजू नये म्हणून दयारामानं झाकणावर गोणपाटाची घडी ठेवली आणि सदाला पुढे केलं.

"पावणे, आमच्यात घरी पावणा असला तर पयला कान त्याचा. ऐका."

हे केसरच्या ध्यानातच आलं नव्हतं. सात वर्षांत तिच्या माहेरचा पाहुणा ह्या घरात आलाच कधी होता? सदा कोट सावरत वाकला. एका क्षणापुरतं तिच्या मनात आलं, जाऊ दे, ह्यालाही ऐकू दे एकदा. हे आलं, खरंच आलं, आणि पुढे जन्मभर ते तिला टोचत राहिलं. पण तेवढ्यात तिचे हात पुढे गेले होते. तिनं सदाच्या कोटाला धरून असा हिसका दिला की तो पिंपावर जाऊन आपटला.

"नळीत बोळा हाय," ती म्हणाली. "मी घातलाय."

दयारामानं आधी तिच्या तोंडात मारली, पाहुण्यासमोर, सात वर्षांत पहिल्यांदा. ओठ फाटला, ती भिंतीशी जाऊन पडली. मग त्याला हसू आलं. जी बाई मान वर करून बोलली नाही, ती त्याच्या भट्टीत बोळा घालणार? भावाला बघून हिला नाटकं सुचली, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं.

"येडी हाय ती," तो सदाला म्हणाला, "बघा," आणि स्वतःच गोणपाटावर कान टेकवला.

तिला पुरतं एक पळ मिळालं होतं. तिनं त्याला सांगितलं होतं, पण ओढलं नाही.

झाकण छताला जाऊन लागलं. उकळती माडी आणि वाफ त्याच्या तोंडावर आली, आणि वाफ जाळाला लागताच पेटली. दयारामाची किंकाळी थेट बंदरापर्यंत ऐकू गेली म्हणतात. तो दोन्ही हातांनी तोंड धरून पिंपांवर आदळत फिरला, हातांबरोबर कातडी सुटून आली, आणि फुटलेल्या पिंपातली जांभळाची वाइन त्याच्या पायांखाली वाहत राहिली. सदानं कोट टाकून त्याला विझवलं. त्यात सदाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. केसरनं पाणी आणून दयारामाच्या तोंडात सोडलं. तोंड कुठे आहे ते तिला बोटांनी चाचपावं लागलं. दुपार व्हायच्या आत तो गेला.

लोक धावत येत होते. तडकलेली नळी अंगणात पडली होती आणि तिच्या टोकाला हिरवी चिंधी लोंबत होती. सदानं ती ओळखली. ते लुगडं पसंत करायला तो भुलेश्वरात अर्धा दिवस फिरला होता. भाजल्या हातानंच त्यानं चिंधी उपसली, जाळात टाकली आणि ती जळेपर्यंत समोरून हलला नाही.

पोलीस पाटील चांगदेव आले, फुटका हंडा उलटसुलट पाहिला आणि काय झालं ते विचारलं.

"हंडा आज्याच्या येळचा," सदा म्हणाला. "फुटला."

पाटलांनी मान हलवली. एवढा जुना हंडा कधीतरी जायचाच, असं चार जणांनी बोलून दाखवलं, आणि तेवढ्यावर ते मिटलं.

तेरावं झाल्यावर सदा तिला घेऊन बोटीत बसला. हाताला फडकं गुंडाळलेलं, पोराचं नाव काय ठेवायचं, मुंबईत सुईण कुठे मिळेल, असं काहीबाही तो बोलत होता. रेवदंड्याची खाडी मागे पडली तेव्हा केसरनं त्याच्याकडे वळून विचारलं,

"पयला सांगावा मिळाला व्हता?"

सदानं हातावरचं फडकं उगाच सैल केलं. मग म्हणाला, मिळाला होता.

"दुसरा?"

त्यानं मान डोलावली.

तिसऱ्याचं तिनं विचारलं नाही. पदर डोक्यावर ओढून ती दुसऱ्या बाजूला जाऊन बसली, आणि मुंबईचा धक्का येईपर्यंत भावाशी बोलली नाही.