पाहुणीचे पान

“आधी कोयता खाली ठेवा!” मोबाइलच्या पडद्यातून शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि सर्वासियुस अधिकच खवळला.

“ही कोण? आल्या आल्या हुकूम सोडते!”

फ्लोरेस बेटावरील त्या डोंगरी खेड्यात परिचारिका गाउदेन्सिया एकोणीस वर्षे सेवारत होती. पती मलेशियाच्या मळ्यांत गेला तो परतलाच नाही. घरी तिची वाट पाहणारे कोणीही नव्हते. आज, डोके फिरल्याने तीन दिवस न झोपलेला सर्वासियुस कॉफीच्या खळ्यात कोयता परजीत उभा होता आणि पलीकडे त्याचे दोघे भाऊ छिन्नीने ओंडका कोरीत होते. त्या खोड्यात एकदा त्याचा पाय अडकवला, की मागील खेपेप्रमाणे वर्षानुवर्षे सुटका नव्हती.

“सिस्टर, आटपा तुमचा शिनेमा,” थोरला ओरडला. “आमचा खोडा होत आलाय.”

तत्क्षणी गाउदेन्सियाला स्वतःचा प्रमाद उमगला. अनोळखी पाहुणी दारी आणली, परंतु पानसुपारी मांडलीच नव्हती! तिने लगबगीने चटई अंथरली, मोबाइल तांब्याला टेकवला आणि पुढ्यात पानाची करंडी ठेवली.

“डॉक्टर, आधी पान घ्या. नुसती ओंजळ धरा.”

डॉक्टरीणबाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी ओंजळ पुढे केली.

सर्वासियुस जवळ आला. “हिला पान खाता तरी येतं का?”

“नाही येत, दादा. शिकवा की.”

एका हाताने सुपारी देणे हा पाहुण्याचा घोर अपमान. त्याने कोयता चटईवर ठेवला आणि दोन्ही हातांनी सुपारी त्या काचेसमोर धरली. गाउदेन्सियाने कोयता हळूच मागे सारला.

“झोप येत नाही ना, दादा?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

“डोक्यात बाजार भरलाय, बाई. उठतच नाही.”

“सुई घ्याल?”

“हिच्या हातची घेईन.” त्याने गाउदेन्सियाकडे बोट केले.

इंजेक्शन झाले. तो चटईवरच कलंडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता याला एकटं सोडायचं नाही. रोज गोळ्या, रोज मला फोन. जबाबदार म्हणून कोणाला लिहू?”

भावांनी माना खाली घालून कोरणे चालूच ठेवले. “आम्हाला शेतं आहेत,” थोरला पुटपुटला. “खोड्याला राखण लागत नाही.”

“गाउदेन्सिया लिहा,” ती म्हणाली.

छिन्नी थांबली.

“नातं?”

गावातील प्रत्येक जन्ममृत्यूच्या कागदावर तो रकाना तिनेच भरला होता. आज मात्र त्यात लिहावे असे नातेच नव्हते.

“एका झऱ्यावर पाणी भरतो आम्ही,” ती म्हणाली. “तेवढंच लिहा.”