सोमवार आणि गुरुवार

“आता ती बासिलची गोष्ट सांग, बाबा,” दिपिका म्हणाली, आणि दत्तात्रेय म्हात्र्यांच्या हातातला पाण्याचा ग्लास तोंडापर्यंत जाऊन तसाच खाली आला.

समोर रोह्याच्या कॉलेजातली बारावी कला शाखेची चाळीस पोरं बसली होती. दिपिका त्यांना राज्यशास्त्र शिकवायची. दोन आठवडे तिने फोनवर बापाच्या मागे भुणभुण लावली होती. “पोरं रोज मोबाईलवर गाझा बघतात रे. पण तिथे दोन पक्ष आहेत, बाहेरचे देश त्यांच्यात काय काय करतात, हे त्यांना पुस्तकातून समजत नाही. तू त्या माणसांत राहिलायस.”

“मी जेवान वाढायचो गो. राजकारन नाय करायचो.”

“मग जेवण वाढल्याचंच सांग.”

लेकीपुढे बापाचं काही चालत नाही. दत्तात्रेयांनी इस्त्रीचा शर्ट घातला, गावाहून रिक्षाने पेण गाठलं आणि तिथून सकाळची एसटी पकडली. जन्मभरात ते फक्त ग्रामसभेत बोलले होते, तेसुद्धा मागे उभं राहून. पण इथे गंमत अशी झाली, की त्यांचं बोलणं पोरांना आवडलं. जॉर्डनच्या वाळवंटातली छावणी, तिथली थंडी, खुबुस नावाची रोटी, सगळं त्यांनी झकास सांगितलं. छावणीत पॅलेस्टाईनचे तरुण पोलिसाचं शिक्षण घ्यायला यायचे. सगळे एकाच पार्टीचे. निवडणूक दुसऱ्या पार्टीने जिंकली होती, मग दोघींची मारामारी झाली आणि एक गाझात बसली, एक वेस्ट बँकेत. वेस्ट बँकेतल्या पार्टीच्या माणसांना शिकवायला गोरे साहेब आले होते.

“आणि दुसऱ्या पार्टीला कोण?” प्रणित नावाच्या पोराने विचारलं होतं.

“त्यांना दुसरे देश. असा कोन हाय का जगात, ज्याला पाठीशी घालनारा मिलत नाय?” आणि मग दत्तात्रेय नेहमीच्या भाषेतच सुटले होते. “आमच्या गावात दोन मंडलं हायत. एका कंपनीला जमीन पायजे होती. तिनं एका मंडलाला डीजे दिला, जिमचं सामान दिलं. मग दुसरं मंडल गेलं पुढाऱ्याकडं, त्यानं त्यांना दोन डीजे दिले. पयले आमी भांडायचो नि चार म्हयन्यांत एक व्हायचो. आता भांडान मिटवायचं म्हंजे डीजे परत द्यायला लागंल ना!”

वर्ग खो खो हसला होता. दिपिका तर सगळ्यांत जास्त. तिच्या चेहऱ्यावर बापाचं कौतुक मावत नव्हतं, आणि त्या भरातच तिने बासिलची फर्माईश केली.

ही गोष्ट तिची लहानपणची. दत्तात्रेय जॉर्डनहून परत आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. रोज निजताना तिला बासिल लागायचा. अठ्ठावीस वर्षांचा, मिशीवाला, पूर्वी शाळेत गणित शिकवणारा, घरी दोन मुली असलेला बासिल. जेवणाच्या रांगेत तो खिडकीशी वाकून “अबू दिपिका” अशी हाक मारायचा, म्हणजे दिपिकाचा बाप. इतक्या लांबच्या माणसाला आपलं नाव ठाऊक होतं, याचं त्या पोरीला केवढं अप्रूप.

नाही म्हणणार कसं? दत्तात्रेयांनी घसा खाकरला.

“बासिल मोठा मायेचा मानूस. श्रावनातले सोमवार मी कडक पालतो. तिकडंबी पालले. त्यानं बघितलं, ह्यो सगल्यांना वाढतो नि सोता कायच खात नाय. त्याला वाटलं मी आजारी हाय. मी वर बोट दाखवलं, देवाचं हाय म्हनून. संध्याकाली आला तं कागदात चार खजूर. उपास सोडायला. पुढं परत्येक सोमवारी चार खजूर, कधी चुकला नाय.”

पहिल्या बाकावरच्या स्पृहाने वहीत ‘चार खजूर’ असं लिहिलं. दत्तात्रेयांना ते अक्षर उलटं असूनही वाचता आलं.

“मग?” ती म्हणाली.

मग कोर्स संपला, बासिल घरी गेला, दारात दोन्ही मुली धावत आल्या नि त्याच्या गळ्यात पडल्या. गोष्ट अशी संपायची. दत्तात्रेयांनी दिपिकाकडे पाहिलं. ती फळ्याला टेकून उभी होती आणि पुढचं वाक्य आधीच ओठांतल्या ओठांत म्हणत होती. तिला ते पाठ होतं. उद्या ती ते या पोरांना शिकवणार, पोरं परीक्षेत लिहिणार. निजताना लेकीला सांगितलेलं खोटं आता वर्गात शिकवलं जाणार होतं. दत्तात्रेयांना इतकी लाज वाटली, की कानांच्या पाळ्या तापल्या.

“मग मी त्याचं वाटोलं केलं,” ते म्हणाले.

दिपिकाचे ओठ थांबले.

“ऐका आता. मी ल्हान व्हतो तवा बांधावरून गावात वाद झाला, नि आमचं घर वालीत टाकलं. दोन वर्सं आमच्या दारात कोन पानी पेला नाय. लग्नाला बोलावनं नाय. आई हलद लावायला गेली तं बाया उठून गेल्या. तवापासून माजी नजरच तशी झाली. कोन कुनाकडं जेवतो, कोन जेवत नाय, यावरून मी मानसाची पार्टी सांगतो. गावात कदी चुकलो नाय.”

रोह्यातल्या पोरांना वाळीत टाकणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

“दिवालीच्या सुमारास बासिल नि आनखी दोघं दुपारचे जेवायचे बंद झाले. सगलेच दिवस नाय, हप्त्यातले एक-दोन. सगले मेसमधी, हे तिघं भायेर भिंतीला बसलेले. त्याच्या आदल्या हप्त्यात टीव्हीवरच्या बातमीवरून बासिलचं दुसऱ्यांशी वाजलंबी व्हतं. गोऱ्या साहेबानं मला बोलावलं. ग्रॅहम त्याचं नाव. म्हनला, तू खिडकीतनं सगलं बघतोस, यांच्यात दुसऱ्या पार्टीचा कोन असंल तं सांग. सामानाच्या कोठीवर मानूस पायजे होता, एसीतलं काम. मला वाटलं, साहेबानं आपल्याला विचारलं! फुगलो मी. बोललो, हे तिघं. हे ह्यांच्यात जेवत नायत.”

“नाव सांगितलं?” प्रणितने हळूच विचारलं.

“बोट दाखवलं. नाव इचारलं तवा नावबी सांगितलं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे एक गाडी आली आणि तिघांना घेऊन गेली. दत्तात्रेय तेव्हा कणीक मळत होते. बासिलने खिडकीकडे पाहून हात हलवला. आपल्याला कुठे आणि का नेताहेत हे त्याला माहीत नसावं, नाहीतर त्याने हात हलवला नसता, असं दत्तात्रेयांनी पुढे शंभर वेळा मनाला समजावलं होतं.

“तिसऱ्या दिवशी भट्टीवर रोटी भाजनाऱ्या अबू सामीला मी बोललो, बरं झालं, दुसऱ्या पार्टीचे निघाले. त्यानं माज्याकडं असं बघितलं... म्हनला, कुठली पार्टी? सोमवार नि गुरुवार त्यांचे रोजे व्हते. रमजान नसला तरी बरेच लोक पालतात. बासिलची धाकटी मुलगी आजारी व्हती, तिच्यासाठी त्यानं धरलेले. बाकीचे दोघं त्याच्या सोबतीला.”

दत्तात्रेयांनी पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला.

“माज्या उपासाला ज्यानं खजूर आनले, त्याचा उपास मला वलखता आला नाय. ही चूक झाली. पन चूक कुनाचीबी व्हते. खरी गोस्ट तिच्या पुढं हाय.” ते आता पोरांशी बोलत नव्हते, फळ्याकडे बघत होते. “साहेबाची खोली मेसपासून चालीस पावलांवर व्हती. जाऊन सांगायचं व्हतं, साहेब, मी चुकलो, त्यांचे उपास व्हते. मी गेलो नाय. पयल्या दिवशी वाटलं, उद्या जाऊ. मंग कोठीचं काम मिलालं. मंग वाटलं, आता सांगितलं तं मलाच घरी धाडतील. अकरा म्हयने मी त्या एसीत बसलो.”

“आणि बासिल?” स्पृहाने विचारलं.

“त्याच्या सोताच्या पार्टीनं त्याला आत घातला. बाहेरच्या देशानं संशय घेतला म्हनल्यावर कोन ठेवतो? सुटला तं दुसरी पार्टी म्हनली, ह्यो गोऱ्यांकडं शिकून आलेला. दोघांनीबी वालीत टाकला. एवढं अबू सामीनं सांगितलं. त्याच्या पुढं मला ठाव नाय. मी कदी इचारलंबी नाय.”

दिपिका फळ्यापासून दूर झाली. “आईला माहीत होतं?” तिने विचारलं. सगळ्या वर्गासमोर, बाईंच्या आवाजात नाही, घरच्या आवाजात.

“नाय गो. ती गेली तवाबी तिला हेच ठाव, का बासिल घरी पोचला.”

तिने मान हलवली. बस्स, तेवढंच. दत्तात्रेयांना वाटलं, ही ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात दार ढकलून प्राचार्य माधवराव टिपणीस आत आले. मागे शिपाई, त्याच्या हातात तबक. प्राचार्यांनी व्याख्यानातलं एक अक्षरही ऐकलं नव्हतं. विद्यापीठाच्या फोनवर त्यांची सकाळ गेली होती. पण पाहुण्याचा सत्कार केल्याशिवाय त्यांच्या कॉलेजातून पाहुणा कधी गेला नव्हता.

“वा वा! मुलं अगदी भारावून गेलेली दिसताहेत,” शांत वर्ग बघून ते म्हणाले. “म्हात्रेसाहेब, उभे राहा.”

“सर, नको,” दत्तात्रेय म्हणाले.

“अहो, नको काय?”

“खरंच नको, सर. मी त्या लायकीचा नाय.”

“हा विनयच आमच्या मुलांनी शिकण्यासारखा आहे!” असं म्हणत प्राचार्यांनी शाल उलगडली आणि त्यांच्या खांद्यांवर घातली. हातात नारळ दिला. शिपायाने मोबाईल काढून दोघांना जवळ यायला सांगितलं. दत्तात्रेयांची मान वर होईना, तेव्हा प्राचार्यांनीच प्रेमाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“मुलांनो, टाळ्या!”

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग मागच्या बाकावर कुणीतरी सवयीने सुरुवात केली, आणि हळूहळू सगळा वर्ग वाजवू लागला. स्पृहासुद्धा. ती वाजवत होती आणि डोळे पुसत होती.

दिपिका तबकाशेजारी उभी होती. प्राचार्यांनी तिच्याकडे हसून पाहिलं, भुवया उंचावल्या. तिने दोन्ही हात मागे घेतले, एकमेकांत घट्ट गुंफले, आणि बापाकडे सरळ बघत राहिली.

चाळीस पोरं, प्राचार्य, शिपाई, सगळे वाजवत होते. ती एकटी वाजवत नव्हती. शालीखाली घामाघूम झालेले दत्तात्रेय तिच्या त्या बांधलेल्या हातांकडे बघत राहिले. आपली पोर नीट शिकली, एवढं एकच त्यांना त्या वेळी सुचलं.