आठवी टिप

चौथा जॉबही गेला, तेव्हा धाकटीने मशीनला एक सणसणीत शिवी हासडली आणि मग गुपचूप बटण बंद केलं. जॉब म्हणजे इंजिनाचा ठोकळा. अंग अ‍ॅल्युमिनियमचं आणि त्यात चार ठिकाणी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कड्या बसवलेल्या. एक धातू मऊ, दुसरा कडक, आणि दोघांवरून एकाच दमात कटर फिरवून वरचा भाग गुळगुळीत करायचा. मऊ धातूला वेग लागतो, बिडाला तो सोसत नाही. दोन भांडखोर जावांना एकाच ओट्यावर स्वयंपाकाला लावण्यासारखा प्रकार. पण वेग कमी केला, वाढवला, काप बारीक घेतला, तरी कडीच्या काठाशी तीच मेली रेघ. तपासनीस नख फिरवायचा, नख अडकलं की लाल खडूने फुली मारायचा.

"पाचवा बिघडला तर मशीन दुसऱ्याकडे आणि तू परत पॅकिंगला," साहेबांनी येऊन बजावलं. पॅकिंगमध्ये तिने सहा वर्षं काढली होती. सुट्टीचे दिवस घालवून हे मशीन शिकली होती.

आता कटर तेवढा बघायचा राहिला होता, आणि कटर म्हणजे ताई.

ताई तिची सख्खी थोरली बहीण. कटरच्या आठ टिपा, म्हणजे कापणारी चिमुकली पाती, एका उंचीत लावायचं काम वीस वर्षं तिचंच. धाकटीला इथे आणलं तिने, मशीन शिकवलं तिने, त्यामुळे तिला काही विचारायची सोयच नव्हती. तरी सकाळपासून दोनदा विचारलं, दोनदा एकच उत्तर मिळालं. "कटर ठीक आहे. तुझाच हात जड आहे."

जेवणाच्या सुट्टीत धाकटी कटर घेऊन टूल-रूममध्ये गेली आणि ताईच्याच टेबलावर एकेका टिपला डायल, म्हणजे उंचीतला फरक दाखवणारं काट्याचं मापक, लावून बघितला. सात टिपा शून्यावर. आठवीला काटा दोन घरं पुढे. म्हणजे ही एकटी उंच टिप सगळा भार घेत होती, बिडावर आपटत होती आणि शेजारचं अ‍ॅल्युमिनियम ओरबाडत होती.

"ताई, हे वाच."

ताईने नाक पार डायलशी नेलं. "शून्य."

"नीट बघ."

"शून्य म्हटलं ना. आता तू मला शिकवणार?"

काटा दोनावर स्वच्छ उभा होता. धाकटीला उलगडा झाला. ताई डायल वाचतच नव्हती, बोटाने चाचपून टिपा लावत होती.

"कधीपासून दिसत नाही?"

ताई चिंधीने टेबल पुसत राहिली. "चष्मा दोनदा बदलला. चष्म्याने भागणार नाही म्हणतात."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस?"

तेवढ्यात साहेब दारात आले. "काय निघालं?"

"काही नाही," ताई वर न बघता म्हणाली. "हिचा हात जड आहे."

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. चार जॉबचं खापर, तेही सख्ख्या बहिणीने फोडलेलं. "साहेब, आठवी टिप वर आहे. ताईला डायल दिसत नाही," ती बोलून गेली.

मग तिने त्यांच्या देखत आठवी टिप बाकीच्या सातांच्या उंचीत बसवली आणि पाचवा जॉब घेतला. तपासनिसाचं नख कुठेच अडकलं नाही.

"उद्यापासून टूल-रूममध्ये तू बस," साहेब खूश होऊन म्हणाले.

"आणि माझं मशीन?"

"कटर नीट असला की मशीन कोणीही चालवेल."

"ताई?"

"पॅकिंगला जागा आहे ना."

ज्यासाठी एवढी धडपड केली तेच हातचं गेलं, वर बहिणीचं टेबलही तिनेच काढून घेतलं. कोणावर चिडावं तेही तिला कळेना.

ती टूल-रूममध्ये गेली तेव्हा ताई खण रिकामा करत होती.

"मी साहेबांना नाही म्हणून सांगते," धाकटी म्हणाली.

"त्याने माझे डोळे परत येणार आहेत का?" ताईने स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि स्वतः उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "पॅकिंगमध्ये काय काय करावं लागतं, ते मला सांगून ठेव."

धाकटीने स्टूल परत ताईकडे सरकवलं आणि खोकी कशी बांधायची तिथपासून सांगायला सुरुवात केली.