आधी विहिरीची भिंत

सुयशने तेलविहिरीच्या लॉगची, म्हणजे खडकाच्या मोजणीच्या रेघांची, गुंडाळी आमच्या किहीमच्या ओटीवर उलगडली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला नारळ ठेवले. पडद्यावरचं मला दिसत नाही, म्हणून भाच्याने मुद्दाम कागदावर छापून आणला होता. आम्ही तेल कंपनीच्या ऑफिसात असेच फरशीवर बसून लॉग वाचायचो. बायकांना तेव्हा रिगवर पाठवत नसत. समुद्राखालचा खडक आम्हाला रेघांतूनच भेटायचा.

"आत्या, पुन्हा तपासायच्या जुन्या विहिरींतली ही शेवटची. हिच्यात तेल निघालं नाही, तर दिवाळीनंतर आमचं ऑफिस बंद. पंचेचाळिशीत मला कोण घेणार?"

"आधी बघू तर दे."

"बघ ना. इथे विजेला विरोध केवढा! खडकात पोकळीही भरपूर. कॉम्प्युटर म्हणतो, साठ टक्के तेल."

रेघ खरंच सुंदर उसळली होती. अशी रेघ दिसली की आमचे दत्तात्रेयसाहेब सगळ्यांना चहा सांगायचे, पण त्याआधी कागदावर हात आडवा ठेवून म्हणायचे, "आधी विहिरीची भिंत, मग खडक."

"भिंतीची रेघ कुठाय रे?"

"व्यासाची? पडद्यावर गर्दी होते म्हणून आम्ही ती बंदच ठेवतो. इथे छापलीय, अगदी कडेला."

कडेचा नारळ मी उचलला. जिथे तेल दिसत होतं, नेमकी तिथेच विहीर ढासळून रुंद झाली होती. यंत्र भिंतीला टेकलंच नव्हतं. त्याने मधला चिखल मोजला आणि त्यालाच पोकळी समजलं. चिखलामागे होता नुसता घट्ट चुनखडक. त्यातूनही वीज जात नाही, तेलातूनही जात नाही.

"पण कॉम्प्युटरने..."

"माझं बीपीचं मशीन पट्टा सैल बांधला तरी आकडा देतंच."

तो हसला. मग हसू विरलं.

"थोडंसुद्धा नसेल? खालच्या अंगाला?"

मी खालपर्यंत बोट फिरवलं. त्याच्यासाठी पुन्हा एकदा फिरवलं. तिथे भिंत चांगली होती, आणि खडकात खारं पाणी होतं.

तेवढ्यात त्याच्या बायकोचा, मधुवंतीचा फोन आला. त्याने आधी विचारलं, "जेवलीस का?" मग तिने काय विचारलं असेल ते मला न ऐकताच कळलं.

"आत्या बघतेय अजून," तो म्हणाला.

मी एकेक नारळ बाजूला करून कागद गुंडाळत होते.