चिंबोऱ्यांचा टब

एकूच्या गुडघ्यांवर लाल चट्टे उठले तेव्हापासून कल्पिताच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. आठ महिन्यांची पोर, नुकती रांगायला लागलेली, आणि गुडघे बघावेत तर खरवडलेल्या गाजरासारखे. जो येईल तो सल्ला देऊन जाई. सासूबाई, म्हणजे अंजनाबाई, म्हणत नजर लागलीय. केमिस्ट म्हणे गरमी. शेजारची शीतल तर तोंडावर म्हणाली, "तुमच्या घरात दिवसभर मासळी. जंतू नाय होणार तर काय होणार?"

हे मात्र कल्पिताला झोंबलं. अहो, वेसाव्याच्या कोळीवाड्यात मासळी नाही येणार तर काय मोगऱ्याचे गजरे येणार? पण आईच्या जिवाला कोण समजावणार! तिनं दुकानातून जंतू मारायची निळी बाटली आणली. मग लादी निळ्या पाण्यानं, लंगोट निळ्या पाण्यात, खुळखुळासुद्धा निळ्या पाण्यात. चट्टे वाढले तशी बाटली आणखी तिरकी होऊ लागली. एका झाकणाची दोन झाली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लादी कशानं पुसता?"

कल्पितानं अभिमानानं बाटलीचं नाव सांगितलं.

"ते बंद करून बघा. साधा साबण, साधं पाणी पुरे. रांगतं मूल सगळं अंगाला लावतं, तोंडात घालतं."

घरी येऊन कल्पिता बाटलीकडे बघत बसली. बाटलीवरही पांढऱ्या कोटातला डॉक्टरच होता की, छान हसणारा! आता यातला खरा कोणता? बंद करावं तर जंतूंची भीती, चालू ठेवावं तर डॉक्टरीणबाईंची. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. शेवटी तिनं ठरवलं, आजच्या दिवस पुसू, उद्या बघू.

त्याच दिवशी सासरे हरेश्वर खाडीतून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, घेऊन येणार होते. चिंबोरी जिवंत असली तरच गिऱ्हाईक हात लावतं, म्हणून पडवीत तिच्यासाठी मोठा टब असे. एकू सारखी त्या टबाशी जाई. कल्पितानं तो निळ्या पाण्यानं घासला, आणि तळाशी थोडं पाणी मुद्दाम राहू दिलं. जंतूंना म्हणे चांगलं भिनू दे. हरेश्वरांना काय ठाऊक? त्यांनी वरून खाडीचं पाणी ओतलं आणि चिंबोऱ्या सोडल्या.

दुपारी अंजनाबाई ओरडल्या, "अगो बाय, ह्यांना काय झालं गो?"

काडी लावली की नांगी उगारणाऱ्या चिंबोऱ्या निपचित पडल्या होत्या.

"उन्हात ठेवल्या तुम्ही," अंजनाबाई नवऱ्यावर उखडल्या.

"सावलीत हायत! गटाराच्या तोंडाशी जगतात त्या, आणि माझ्या टबात मेल्या?"

दोघं भांडत राहिले. कल्पितानं टबात पाहिलं आणि मग मागं वळून पाहिलं. एकू नुकत्याच पुसलेल्या लादीवर बसून ओला तळवा चोखत होती.

कल्पितानं झडप घालून तिला उचललं, तोंड पाण्यानं धुतलं, तळवे धुतले. "आई, टब मी धुतला होता. त्या बाटलीनं. चिंबोऱ्या मीच मारल्या. आणि पोरीचे गुडघे..." पुढं तिला बोलवेना. ती हमसून हमसून रडली.

"वाईट मनानं केलंस का गो?" अंजनाबाई म्हणाल्या. "गप. आधी लादी धू."

साध्या पाण्यानं सगळी लादी धुऊन झाल्यावर तिनं एकूला खाली ठेवलं आणि तणतणत ती बाटली घेऊन मोरीत गेली. झाकण उघडलं, बाटली तिरकी केली आणि हात थांबला. "बाबा, मोरीचं पाणी कुठं जातं?"

"गटारात. तिथनं खाडीत." हरेश्वरांची जाळी तिथंच लागत.

"कचऱ्यात टाक मग," अंजनाबाई म्हणाल्या.

"आणि कचरा?"

"जातो देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर, नायतर आणखी कुठं."

"तिथं कुणाची पोरं रांगत नाहीत का, आई?"

एकू ओल्या लादीवरून थपथप हात आपटत आली आणि निळ्या बाटलीकडे झेपावली. कल्पितानं झाकण गच्च लावून बाटली डोक्यावर उंच धरली. ती ठेवायला तिला जागाच सापडेना.