हाळावरचा सांड

नरडाण्याला स्टेशनच्या मागच्या बाजूला गुरांसाठी बांधलेला दगडी हाळ होता. वीज आली की पंप सुरू व्हायचा आणि हाळात पाणी पडायचं. सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात गावाभोवतीचे सगळे नाले आटले होते. जनावरांना पाणी मिळेल अशी तेवढी एकच जागा उरली होती, आणि ती देव्या सांडाने बळकावली होती.

देव्या हा गावाने देवाच्या नावाने सोडलेला सांड. त्याच्या कपाळाला बाया हळदीकुंकू लावत, गावातली तानुबाई रोज सकाळी त्याला भाकरी भरवी. तो कुणाच्याही शेतात शिरला तरी त्याच्यावर कुणी काठी उगारत नसे. माणसंच आपल्याला घाबरतात म्हटल्यावर जनावरांची काय कथा, हे देव्याने ओळखलं होतं.

त्याने नियम घातला होता. आधी तो पिणार. मग गाई. त्यांच्यानंतर उरलं तर शेळ्या. गाढवांनी आणि डुकरांनी हाळाला तोंडच लावायचं नाही.

"गाढवाच्या तोंडाने पाणी बाटतं," तो म्हणायचा, आणि गाई माना डोलवायच्या. गाढवं हाळाखाली सांडलेला चिखल चाटत.

भुरी ही झुलाल कुंभाराची गाढवीण. वीटभट्टीवर दिवसभर विटा वाहायची. तिला बुटक्या नावाचं शिंगरू होतं. तिच्या अंगात पाणी नव्हतं, म्हणून सडात दूधही उतरत नव्हतं.

"माय, माले तीस लागनी," तहानेला बुटक्या म्हणायचा. चाटायला चिखल होता, तोही दुपारपर्यंत वाळून जाई.

एका सकाळी भुरीने भट्टीजवळच्या निंबाखाली सगळ्यांना गोळा केलं. कपिली गाय आली, ठिपकी शेळी तिच्या कळपासह आली, डुकरं आली, इतर गाढवं आली.

"तो एकटा आहे," भुरी म्हणाली. "आपण सगळे मिळून गेलो तर कुणाकुणाला मारेल? उद्या दुपारी पंप सुरू झाला की एकदम जायचं."

"तुझं खरं आहे अक्का," ठिपकी म्हणाली. "माझी पिल्लं रोज तहानलेली झोपतात."

कपिलीने जरा वेळ घेतला. पण शेवटी तीही म्हणाली, "येते मी. पानी बठ्ठास्नं शे."

पाणी सगळ्यांचं आहे, तेच शब्द मग सगळ्यांनी घोकले. बुटक्याला ते इतके आवडले की तो भट्टीभोवती ते ओरडत पळत सुटला.

निंबावरच्या कावळ्यांनी ही बातमी देव्याला सांगितली. देव्याच्या पाठीवरच्या गोचिडांवर ते जगत होते. संध्याकाळी देव्या कपिलीच्या गोठ्याशी आला. तो रागावला नाही.

"उद्यापासून तुझं वासरू माझ्याबरोबर पिईल," तो म्हणाला. "तू काही करू नकोस. फक्त जिथे आहेस तिथे उभी राहा." शेळ्यांनाही त्याने गाईंबरोबर पिण्याची परवानगी दिली. गाढवांकडे आणि डुकरांकडे नुसतं बघून त्याने शिंगं जमिनीवर घासली. तेवढ्यानेच ती घाबरून गेली.

दुसऱ्या दिवशी पंपाचा आवाज आला, तेव्हा भुरी भट्टीवरून सुटून हाळाकडे निघाली. बुटक्या मागे आलाच. हाळाजवळ पोचून तिने वळून पाहिलं. सगळे निंबाखाली उभे होते. कपिली वासराला चाटत होती. ठिपकी दुसरीकडे बघत होती.

"पानी बठ्ठास्नं शे!" भुरी ओरडली.

निंबाखालून एकही पाय पुढे आला नाही.

तिला अजूनही परत फिरता आलं असतं. पण पाण्याचा वास नाकात शिरला होता, आणि बुटक्याने हाळाच्या काठावर तोंड ठेवलं होतं. देव्या त्याच्यावर धावला. भुरीने वळून दोन्ही लाथा त्याच्या जबड्यावर मारल्या. देव्या थबकला, त्याच्या तोंडातून रक्त आलं. तेवढ्या वेळात कुणी आलं असतं तर! देव्याने मान हलवली आणि पुन्हा शिंगं खाली घातली. या वेळी बुटक्या मध्ये सापडला.

माणसं धावत आली. "देवाचा सांड शे, त्याले लागनं शे!" कुणीतरी ओरडलं, आणि दगड भुरीवर बसले. झुलालने मेलेलं शिंगरू हातगाडीवर टाकून नाल्याकडे नेलं. भुरीच्या पाठीवर दुपारीच पुन्हा विटा चढल्या.

देव्याला आता कुणाचीच भीती उरली नव्हती, मग दिलेला शब्द तो कशाला पाळेल? दुसऱ्या दिवशी कपिलीचं वासरू हाळाला तोंड लावायला गेलं, तर त्याने त्याला शिंगाने उडवून दिलं. वासरू लंगडत उठलं. ते पाहून कपिलीचं डोकं फिरलं. तिने सरळ जाऊन देव्याच्या कुशीत शिंग खुपसलं. तिच्या मागे बाकीच्या गाई धावल्या, शेळ्या पायांत घुसल्या, डुकरांनी टाचा धरल्या, गाढवांनी लाथा झाडल्या. देव्या दोनदा पडला. दुसऱ्यांदा उठला तो रुळांच्या दिशेने पळत सुटला. तो पलीकडे गेला न गेला तोच एक मालगाडी धडधडत मधून गेली. गाडी निघून गेल्यावर पाहिलं तर पलीकडे नुसता धुरळा होता. देव्या पुन्हा त्या गावात दिसला नाही.

भुरी पाठीवरच्या विटांसकट पोचली, तोवर सगळं संपलं होतं. हाळाभोवती गर्दी होती. कपिली बाजूला सरली.

"ये भुरे, आधी तू पी."

भुरी एकेकाकडे बघत राहिली. "काल पण तुम्ही एवढेच होतात," ती म्हणाली.

कपिलीने पाण्यात तोंड घातलं, पण ती पीत नव्हती. भुरी पाणी प्यायली. तहान लागली होती, म्हणून प्यायली. ते पाणी पोटात जाताना तिला स्वतःचाच राग आला.

पुढे दरवर्षी उन्हाळ्यात हाळावर ही गोष्ट सांगितली जाऊ लागली. ठिपकी फार रंगवून सांगायची. आपण सगळे निंबाखाली कसे जमलो, काय ठरवलं, दुसऱ्या दिवशी कसे एकदम तुटून पडलो. मधला दिवस तिच्या गोष्टीत नसायचा. कदाचित तिला तो खरंच आठवत नसेल.

एकदा गोष्ट संपल्यावर ठिपकीचं एक करडू म्हाताऱ्या भुरीजवळ आलं. ती थोडी लांब, एकटी उभी होती.

"आजी, सगळ्यांनी सांडाला हाकललं, तेव्हा तू तिथे नव्हतीस ना?" त्याने विचारलं.

"नव्हते," भुरी म्हणाली. "मी एक दिवस आधी गेले होते."