त्रिकोणासकट छापा

शपथेवर सांगते, यातला एक शब्द जरी खोटा निघाला तरी माझी जीभ झडो! उरलेले चार दातही पडोत. आता ऐका.

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करायचे. एकदा नाट्यगृहाच्या लिफ्टमध्ये स्वतःच अडकले, दोन मजल्यांच्या मधोमध. भिंतीपलीकडे 'उलटा पंखा' नावाचा चौघांचा बँड तालीम करत होता. ह्यांच्या पिशवीत सगळी हत्यारं, पण तीन तास बाहेर येईनात. आले ते वेडे होऊनच.

त्या बँडला काळं कुत्रं विचारत नव्हतं. ह्यांनी त्यांची वेबसाइट काढली. प्रत्येक कार्यक्रमाचं एक पान. कुठलं गाणं आधी झालं, कुठली तार तुटली, ड्रमवाला कुठे चुकला, प्रेक्षक किती, कोण आलं नाही, सगळं लिहिलेलं. वर स्वतः जाऊन केलेलं रेकॉर्डिंग. जगभरातून मिळून अकरा माणसं ती साइट बघायची, खाली अभिप्राय लिहायची.

मी म्हणायचे, "अहो, एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतं तर मीही गायला लागले असते."

"म्हणून तर देत नाही," हे म्हणायचे.

मग बँड मोडला, आणि वर्षभरात हेही गेले. नातीने मला पानावरचा त्रिकोण दाबायला शिकवलं. दाबला, तर गाण्याआधी ह्यांचा आवाज! "तारीख नऊ. प्रेक्षक एकोणीस, पैकी एक झोपलेला. चालू." दुसऱ्या पानावर, "प्रेक्षक सात. बायको आली नाही."

ह्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता हो. रोज चहा झाला की एक त्रिकोण दाबायचा. गाणं लागलं की बंद.

एक दिवस नातीचा फोन आला. "आजी, आजोबांची साइट जिच्याकडे आहे ना, ती कंपनी सगळ्या साइट पुसून टाकतेय. सोमवारी बंद. मी रविवारी येऊन सगळं उतरवून घेते."

तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ! "परीक्षा आहे ना तुझी? अजिबात यायचं नाही. मी केव्हाच सगळं काढून ठेवलंय."

"तू? कसं काय?"

"तुझ्या आजोबांसारखी लिफ्टमध्ये नाही अडकत मी."

ती हसली. आली नाही.

मी झेरॉक्सवाल्याकडे गेले. "सगळी पानं छाप."

"आजी, हे त्रिकोणपण?"

"त्रिकोणासकट. तेच तर महत्त्वाचं."

त्याने मान हलवली. कागद बोलत नाही हे मला कळत नव्हतं असं नाही. पण पानं घरी आली म्हणजे हे घरी आले, एवढंच डोक्यात बसलेलं. गठ्ठा छातीशी धरून ऐटीत घरी आले.

मंगळवारी चहा झाला. मोबाइल उघडला, तर कोरं पान. मग गठ्ठ्यातलं वरचं पान घेतलं आणि त्रिकोण दाबला. जोरात दाबला. चष्मा पुसून दाबला.

नातीला सांगितलं. ती हळूच म्हणाली, "तू म्हणालीस ना, काढून ठेवलंय?" रागावली असती तर बरं झालं असतं. छापलेल्या अभिप्रायांखालचे ईमेलचे पत्ते शोधून तिने त्या अकरा जणांना विचारलं. अकराही जण म्हणाले, "साइट होती ना, मग वेगळं कशाला ठेवू?"

पण पुढच्याच आठवड्यात दारात कोण? ड्रमवाला! इतका उंच, की चौकटीला डोकं आपटून गिलावा पडला. सात कप चहा प्याला. "आजी, आमच्याकडे आमचंच एकही गाणं नाही. सगळं तुमच्या ह्यांच्याकडे होतं," म्हणाला आणि रडला. मग गठ्ठा उघडून, टेबलावर बोटं वाजवत, हुबेहूब ह्यांच्या आवाजात म्हणाला, "प्रेक्षक एकोणीस, पैकी एक झोपलेला. चालू." मी डोळे मिटून घेतले.

बरं, जीभ झडायच्या आत सांगून टाकते. ड्रमवाला आला नव्हता. कुणीच आलं नाही. चहा झाला की मीच पानं वाचते, मोठ्याने, आवाज जाड काढून. "बायको आली नाही" इथवर येते, आणि पुढे जमत नाही.